पोचे

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, अख्खं म्युनिक हातातलं काम टाकून घरी पळत असताना, कार्ल्सप्लाट्झच्या भुयारी मार्गात गुरुदत्त एका पॅन वाजवणाऱ्या माणसापाशी थांबला, आणि चार महिन्यांत त्याने मोठ्या कष्टाने जे काही सावरून धरलं होतं ते तिथेच ढासळलं. खरं तर थांबायचं काही नडलं नव्हतं. मंगळवारच्या कार्निव्हलसाठी त्याच्या मुलीने, मुक्ताने, सोनेरी कागद आणि गोंद आणायला सांगितला होता आणि ते दुकान पुढच्याच वळणावर होतं. ऑक्टोबरात त्याची बायको अरुंधती गेल्यापासून पॅनचा आवाज कुठे कानावर आला तर तो सरळ रस्ता बदलत असे. पण आज फाशिंगची, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या हंगामाची, गर्दी होती. बँकेत काम करणारी भली माणसं डोक्यावर चाच्यांच्या टोप्या घालून, हातात जॅम भरलेले क्राप्फन घेऊन, वाट अडवून उभी होती, आणि त्यांच्या रेट्याने तो थेट त्या माणसाच्या समोर जाऊन ठेपला. मग समोर आलंच आहे म्हणून त्याने पॅनच्या आत वाकून पाहिलं. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून केलेली ती लोखंडी कढई, तिच्यात लंबगोल उंचवटे, एकेका उंचवट्याचा एकेक सूर. एवढं त्याला ठाऊक होतं. पण भुयारातल्या ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात त्याला दिसलं की प्रत्येक उंचवट्याच्या कडेने, आणि काहींच्या तर माथ्यावरही, हातोडीचे बारीक पोचे होते. वेडेवाकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले. त्याच्या फॅक्टरीत असा पत्रा कुणी पुढे पाठवला असता तर त्या माणसाची त्याने धडगत ठेवली नसती.

वाजवणारा पन्नाशीचा होता, गळ्यात मफलर, नाक थंडीने लाल. गाणं संपल्यावर गुरुदत्तने जर्मनमध्ये विचारलं, “हे इतके पोचे कशाने पडले? जुनं आहे का?”

“जुनं? गेल्या वर्षीचं आहे,” तो हसून म्हणाला. “आणि पोचे नाहीत हो हे. ही लावणी आहे. सुराचं सगळं काम या खुणांतच असतं.”

“आणि हे कुणी काढून टाकले तर? म्हणजे, पत्रा नीट गुळगुळीत केला तर?”

“तर पिंप उरेल,” तो माणूस म्हणाला, आणि पुढचं गाणं त्याने सुरू केलं.

गुरुदत्त खाली यू-बानच्या फलाटावर आला. कागद राहिला, गोंद राहिला. पाच नंबरची गाडी आली, तो चढला, उभाच राहिला. खिशातला उजवा हात त्याने बाहेर काढून पाहिला. याच हाताच्या जोरावर तो या देशात आला होता. चिंचवडच्या प्रेस शॉपमध्ये लागला तेव्हा त्याचा वरिष्ठ नागेश म्हणायचा की डोळा फसतो, तळवा फसत नाही. पांढरा सुती हातमोजा घालून गाडीच्या दारावरून तळवा फिरवायचा. जिथे केसाएवढा उंचसखलपणा असेल तिथे बोटं आपोआप थबकतात. जर्मन पाहुणे आले, त्यांनी मुद्दाम खोड ठेवलेले बारा पत्रे त्याच्यापुढे मांडले, आणि त्याने चौदा खोडी काढून दाखवल्या. दोन त्यांनाही माहीत नव्हत्या. अठ्ठ्याण्णव साली तो, अरुंधती आणि सहा वर्षांची मुक्ता असे तिघे म्युनिकला आले ते त्या दोन खोडींच्या पुण्याईवर. हे तो पार्टीत रंगवून सांगत असे, आणि अरुंधती दर वेळी तेवढ्याच कौतुकाने ऐकत असे, निदान तसं दाखवत तरी असे. आता गाडीत त्या हाताकडे त्याला बघवेना, त्याने तो परत खिशात घातला. समोरच्या बाकावर मधमाशीचा पोशाख केलेली एक लहान मुलगी आजीच्या मांडीवर झोपली होती. तिच्या पंखांकडे तो त्याचं स्टेशन, लाइम, येईपर्यंत बघत राहिला.

कारण नोव्हेंबरातले चार शनिवार. अंत्यविधीनंतर आठवड्याभराने तिच्या बँडमधली मर्ल रामखेलावन अरुंधतीचं पॅन गोल काळ्या पेटीत घालून घरी घेऊन आली होती. चर्चच्या हॉलखालच्या तळघरात जिथे बँडचा सराव चाले तिथे फार ओल आहे, गंज चढेल, म्हणाली. आणखीही पुष्कळ काही सांगितलं असावं तिने. त्या आठवड्यात लोक जे जे बोलले त्यातलं एकही वाक्य त्याच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. तो श्टांडेसाम्टचे, जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीचे, फॉर्म भरत होता आणि प्रत्येक फॉर्मवर अरुंधतीची जन्मतारीख नव्याने लिहीत होता. पेटी त्याने इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्यांच्या वाट्याच्या जाळीबंद खोलीत नेऊन ठेवली. नंतर एका शनिवारी सकाळी उघडली. चार वर्षं ती ज्यापाशी उभी राहिली ते वाद्य त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, सवयीने तळवाच फिरवला. आणि बोटं जागोजाग थबकली. सगळा पत्रा पोचलेला. त्याला भडभडून आलं. हे असलं ठेचकाळलेलं डबडं घेऊन ती वाजवत होती, ट्रॅममधून नेत होती, कुठे कुठे आपटलं असेल, आणि आपल्याला तिने कधी म्हटलं नाही की अहो, एवढं नीट करून द्या. आपण करून दिलं नसतं का? ज्या माणसाचं उभं आयुष्य पोचे काढण्यात गेलं त्याच्या बायकोचं पॅन असं? त्याने कामावरून हातोडी आणली, खालून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा आणला, दोन्हींना चामडं गुंडाळलं, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. आणि चार शनिवार, सकाळी दहा ते बारा, एकेक पोचा हळुवार बसवत, मग बारीक पॉलिश पेपर, मग तेल. वाजवून मात्र पाहिलं नाही. ते त्याला ऐकवलं नसतं. वाजवणाऱ्याच्या पोटाशी येणारा सगळ्यांत मोठा उंचवटा सगळ्यांत जास्त ठोकलेला होता, त्याला एकट्याला दोन शनिवार लागले. तो संपला तेव्हा त्याच्यावरून तळवा फिरवताना बोटं कुठेही थबकली नाहीत. ती गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा त्याला नीट झोप लागली. कार्निव्हलच्या मंगळवारी मुक्ताला देताना ती म्हणेल, बाबा, हे केवढं चकाकतंय, असंही त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

लाइमर प्लाट्झला जिना चढताना त्याला आठवलं की तो चर्चच्या हॉलपर्यंत दर गुरुवारी जात असे. चार वर्षं. गाडी लावायची, तिला उतरवायचं, आणि लॅपटॉप उघडून गाडीतच बसायचं. खाली या ना एकदा, असं ती पहिली दोन वर्षं म्हणाली, मग म्हणेनाशी झाली. तिच्या बँडची सुरुवात झाली ती खाण्यावरून. चर्चच्या आवारातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला हळदीच्या तळणीचा वास आला आणि ती वासाच्या मागे गेली. तिथे मर्ल उभी. साठीची, जाडसर, म्युनिकच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना ती बारा म्हणे, त्यांत रश्शाचे चणे, वर चिंचेचं आणि तिखटजाळ मिरचीचं. नाव डबल्स. अरुंधतीने घरी येऊन हातवारे करत सांगितलं होतं, “अहो, तिचे पणजोबा कलकत्त्याहून बोटीने त्रिनिदादला गेले, उसाच्या मळ्यात. हिंदी तिला ओ की ठो येत नाही. पण आजीला आजीच म्हणते! आणि वांग्याला बैगन!” तो पेपर वाचत ‘हं’ म्हणाला होता. मग बँडच्या सरावाचे गुरुवार सुरू झाले. पुण्यात बँकेतली नोकरी सोडून आलेली, इथे तीन वर्षं दारावरच्या पाट्या वाचत जर्मन शिकलेली ती बाई एकदम कामात बुडाली. मर्लकडे फाशिंगच्या मंगळवारी कार्निव्हल असे. तिकडे बेटावर त्याच दिवशी, ऐन उन्हात. इथे बर्फात. पोशाखाखाली लोकरीचे दोन थर घालून पंधरा-वीस माणसं, त्यांतली निम्मी बेटांवरची आणि निम्मी नुसतीच प्रेमात पडलेली, हॉलपासून चौकापर्यंत वाजवत जायची आणि लाइमच्या म्हाताऱ्या बायका खिडकीतून बघायच्या. मर्ल म्हणे, हे एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी कुणाला आठवणार नाही. एकदा अरुंधती डोक्यावर हिरवी पिसं लावून जिन्यात उभी होती, ऑफिसचा कुणीतरी खाली भेटला, आणि वर आल्यावर तो तिला म्हणाला होता, “पिंपं बडवायला जाताना निदान मागच्या दाराने जात जा.” ती हसली होती. आता या क्षणी, घराच्या किल्ल्या हातात धरून, त्याला कळलं की ते हसणं नव्हतं. चार वर्षं उशिरा कळलं, आणि ज्याला सांगायचं ते माणूस नाही.

दार उघडलं तर घरभर तळणीचा वास. मर्ल ओट्याशी उभी होती आणि मुक्ता, कोपरापर्यंत पीठ, परात पुढ्यात घेऊन जमिनीवर बसली होती. मुक्ता आता चौदाला आली होती. तिला सगळं मराठी समजे आणि सगळं उत्तर ती जर्मनमध्ये देई. त्याच्या कानात ते इतक्या वर्षांच्या सवयीने मराठी होऊनच पडे.

“कागद, बाबा?”

“नव्हता. संपला होता.”

“गोंद पण संपला होता?” तिने मान वर न करता विचारलं.

“राहू दे गं, माझ्याकडे आहे,” मर्ल तिच्या गात्या इंग्रजीत म्हणाली. “मंगळवारी दीडशे डबल्स लागणार. ही तुझी लेक, गुरू, पीठ अगदी आईसारखं मळते. पाणी घालायला कंजूष.”

त्याने कोट काढला, बूट काढले, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग नळाकडे तोंड ठेवूनच म्हणाला, “मर्ल, समजा, पॅनच्या त्या खुणा बसल्या, म्हणजे सपाट झाल्या, तर परत लावता येतं?”

“कुठलं पॅन?”

“असंच. आज एक जण दिसला वाजवताना.”

“क्लाईव्ह असता तर म्हणाला असता, येतं.” क्लाईव्ह म्हणजे बँडच्या पॅनांचे सूर लावणारा म्हातारा, लंडनहून दर वसंतात यायचा. गेल्या उन्हाळ्यात, अरुंधतीच्या आधी चार महिने, तोही वारला. “दुसरा कुणी आणला तर तो सूर लावून देईल. पण तो त्याचा सूर. का, घाबरलास? अरुंधतीचं तुझ्या घरी कोरडं आहे ना?”

“त्याला कुणी हात लावायचा नाही,” मुक्ता म्हणाली. “मंगळवारी मी वाजवणार. आईचं गुणगुणणं आहे त्यात.”

“म्हणजे?” तो वळला.

मुक्ताने मर्लकडे पाहिलं. “बाबाला माहीतच नाही.” या वाक्यात राग नव्हता. वर्गातल्या एखाद्या मुलाला शाळेचं वेळापत्रक माहीत नाही, असं सांगावं तशी ती म्हणाली. मग मर्लने खुर्ची ओढली आणि सांगितलं. हे काही तिकडचं, बेटावरचं नव्हे, हे क्लाईव्हचं स्वतःचं खूळ. नवं पॅन ज्याच्यासाठी लावायचं त्याला तो आधी गुणगुणायला लावी. सूर ठरलेलाच असतो, तो सगळ्या बँडचा एकच, पण सुराच्या मागे जो घुमारा असतो तो त्या माणसाच्या गळ्याशी जुळवायचा, एकाच उंचवट्यात, सगळ्यांत खालच्या सुराच्या त्या मोठ्या. तासन्‌तास ठोकत बसे. अरुंधतीची पंचाईत अशी की ती कुणासमोर गुणगुणत नसे.

“घरी पण नाही,” मुक्ता म्हणाली. “एकटी असली की सुरू. आपण किचनमध्ये गेलो की बंद.”

“मग क्लाईव्हने काय करावं! सगळ्यांना बाहेर काढलं, हिच्यापुढे दोन किलो चणे ओतले आणि म्हणाला, बाई, खडे निवड. ही पोर कोपऱ्यात पाठ करून बसलेली. दहा मिनिटांत अरुंधती विसरली की कुणी आहे. आणि लागली. क्लाईव्ह हातोडी घेऊन तयारच.” मर्लने डोळे पुसले, मग हसली. “मग आमची आणखी एक रीत. माणूस गेलं की त्याचं पॅन मुकं. पुढच्या कार्निव्हलपर्यंत कुणी टिचकीसुद्धा मारायची नाही. त्या दिवशी घरच्या माणसाने पहिला टोला त्या खालच्या सुरावर मारायचा, तो ऐकायचा, आणि मग बँड सुरू. तुला सांगितलं होतं मी, गुरू. श्टांडेसाम्टच्या बाकावर. तू मान डोलावलीस.”

मान डोलावली असेल. तो तेव्हा सगळ्यालाच मान डोलावत होता. गुरुदत्तने ओट्याचा काठ धरला. व्हिडिओच्या टेप होत्या घरात, सतरा-अठरा, पण सगळ्यांत ती कॅमेऱ्यामागून सूचना देत होती, इकडे बघ, हसा की जरा, अहो पोट आत. गुणगुणणं कुठल्याच टेपमध्ये नव्हतं. कसं असणार, बटण दाबणारीच ती. ते जगात एकाच ठिकाणी होतं, पोटाशी येणाऱ्या त्या सगळ्यांत मोठ्या उंचवट्यावर, आणि तिथे ते त्याने स्वतः, चामडं गुंडाळलेल्या हातोडीने, मन लावून, दोन शनिवार बसून मारलं होतं. मारलं. दुसरा शब्द त्याला सुचेना. मर्लने त्याच्यापुढे एक गरम डबल्स ठेवलं. ते त्याने सगळं खाल्लं, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

सांगायला पाहिजे होतं. तिथल्या तिथे, पिठाच्या परातीपाशी, मर्ल समोर असताना. शनिवारी त्याने ठरवलं की रविवारी सांगू. शनिवारी तो केलरमध्ये गेला, पेटी उघडली आणि रीत मोडून नखाने हलकेच टकटक केलं. पातेल्याच्या झाकणाचा आवाज आला. इतर सूर कुठे कुठे थोडे शिल्लक होते, रडके, एकमेकांत मिसळलेले. तो खालचा साफ गेला होता. हातोडी कोपऱ्यातच होती. क्षणभर वाटलं, उचलावी, उलट दिशेने ठोकावं, कुठे कुठे पोचे होते ते हाताला अजून आठवतंय. अन् खरोखरच आठवत होतं, त्या तळव्याला प्रत्येक खूण पाठ होती. पण एकदा ताणलेला पत्रा माघारी येत नाही. हे त्याच्याइतकं चांगलं म्युनिकमध्ये कुणाला माहीत होतं? शिकाऊ पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. तो डोकं गुडघ्यांत घालून त्या चकचकीत कढईपाशी बसून राहिला. बाहेर जाळीपलीकडे कुणीतरी सायकलला हवा भरत होतं आणि पंपाचा आवाज थांबला तेव्हा त्याने पेटी बंद केली.

रविवारी जेवताना तो म्हणाला, “मुक्ता, त्या पॅनचं...”

“मंगळवारी, बाबा.”

“अगं, ऐक तरी.”

“नको ना. प्लीज.” तिने ताट बाजूला सारलं. “चार महिने मी धड एक गाणं ऐकलेलं नाही. मला मंगळवारपर्यंत त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. तू पण बोलू नकोस.” तिचा चेहरा इतका आपल्या आईसारखा, इतका ताणून धरलेला झाला होता की त्याच्याने पुढे बोलवेना. भित्रा तो नव्हता असं इतके दिवस त्याला वाटत होतं. ऑपरेशनच्या फॉर्मवर त्याने न कचरता सही केली होती, डॉक्टरांनी सांगितलेले आकडे अरुंधतीला मराठीत करून सांगितले होते. पण पोरीला एक वाक्य सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. सोमवारी तो कामावर गेला. गाडीच्या एका दारावरून हात फिरवताना काहीच लागेना म्हणून त्याने हातमोजा बदलला, तरी लागेना, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून तो लवकर घरी आला. जिन्यात शब्द जुळवले होते. घरात मुक्ता नव्हती, मर्लकडे पिसं चिकटवायला गेली होती.

मंगळवारी ऊन होतं, कडक थंडीतलं. चर्चच्या आवारात बर्फ दोन्ही बाजूंना सारून ठेवला होता. येत्या उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक, त्याच्या पताका चौकातल्या दुकानांवर आतापासूनच फडफडत होत्या आणि त्यांच्याखाली लाइमच्या म्हाताऱ्या बायका हातात कागदी बशा घेऊन डबल्स खात, तिखट लागलं म्हणून नाकं पुसत उभ्या होत्या. पोलिसांनी एक ते तीन रस्ता दिला होता. बँड ओळीने उभा राहिला. पुढे मधोमध अरुंधतीचं पॅन, स्टँडवर, उन्हात लखलखणारं. एवढं ते या आवारात कधीच चकाकलं नसेल. मर्लने पॅनकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर एक आठी आली. तीस वर्षं पॅन पाहिलेली बाई ती. तिने पुन्हा एकदा पॅनकडे पाहिलं, मग गुरुदत्तकडे. ती पुढे यायला निघाली, आणि तोही निघाला, आता, आता तरी, पण मुक्ता हिरवी पिसं डोक्यावर सावरत पॅनपाशी पोचलीही होती. तिने दोन काड्या उचलल्या, एक परत ठेवली. बँडमधल्या सगळ्यांनी आपापल्या काड्या खाली केल्या. रस्त्यापलीकडे ट्रॅम होती तीसुद्धा थांबलेली होती. मुक्ताने डोळे मिटले, आणि मारला.

झाकण पडल्यासारखा आवाज झाला. तिने डोळे उघडले नाहीत. आपला हात चुकला असं तिला वाटलं असणार. तिने अंदाजाने काडी थोडी सरकवली आणि पुन्हा मारला, मग पुन्हा, थोडं वर, थोडं खाली, त्या सगळ्या लंबगोलावर ती शोधत फिरली. मागच्या ओळीत कुणीतरी पाय बदलला. मग तिने डोळे उघडून आत पाहिलं. बोटं टेकवली. तिचा तळवा त्या पत्र्यावरून गोल फिरला, त्याच्यासारखाच, अगदी त्याच्याच पद्धतीने, आणि कुठेही थबकला नाही.

“मी केलं,” गुरुदत्त म्हणाला. आवाज मोठा झाला, सगळ्यांना ऐकू गेला, पण आता त्याला त्याचं काही नव्हतं. “मला पोचे वाटले गं. मी नीट करायला गेलो. मला माहीत नव्हतं, मुक्ता. मला तुझ्या आईचं काहीच माहीत नव्हतं.”

ती रडली असती, ओरडली असती तर त्याला चाललं असतं. ती नुसती बघत राहिली, आधी त्याच्या तोंडाकडे, मग हाताकडे. मर्ल मध्ये आली. तिने आपला जाड हात पोरीच्या खांद्यावर टाकला आणि गुरुदत्तला म्हणाली, “ऐक. पॅन गेलं तर गेलं. क्लाईव्हला ते कुठून मिळालं? अरुंधतीच्या गळ्यातून ना? तू सतरा वर्षं राहिलास तिच्याबरोबर. तू दे तो सूर. तोंडाने दे. घरच्या माणसाने दिला म्हणजे झालं, आम्ही तुझ्याकडून घेऊ आणि निघू.” तिच्या आवाजात खरोखरच क्षमा होती आणि तीच त्याला सोसवेना. त्याने तोंड मिटलं, नाकातून सूर काढायचा प्रयत्न केला. त्याला किचन आठवलं. एक्झॉस्ट फॅनची घरघर आठवली, कुकरची शिट्टी, तिचा दाराकडे पाठ असलेला निळा गाऊन, पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज, आणि या सगळ्यांच्या मधून काहीतरी चाललेलं असे, रोज चाललेलं असे, बाहेरच्या खोलीत पेपरमागे बसलेल्या त्याच्यापर्यंत रोज येत असे. त्याने काहीतरी गुणगुणलं. मुक्ताने मान हलवली. त्याने थोडं वर नेलं. “नाही,” ती म्हणाली. त्याने खाली आणलं. तोंडातून वाफ येत होती आणि आवाज फाटत होता, आणि वीस माणसं टोप्या-पिसांत उभी राहून एका माणसाला आपली बायको आठवत नाही हे पाहत होती. “नाही,” ती परत म्हणाली, “ते असं नव्हतं,” आणि मग तिचा चेहरा एकाएकी पांढरा पडला.

तिने स्वतः सूर काढून पाहिला. बारीक, कापरा. अर्ध्यावर थांबली. दुसरा काढला, तोही सोडला. तिसऱ्या वेळी नुसते ओठ हलले. पोलिसाने घड्याळाकडे पाहिलं आणि मर्लकडे बघून खांदे उडवले. मर्लने बराच वेळ वाट पाहिली, मग मागे वळून हात वर केला, आणि बँड पहिल्या टोल्याशिवाय सुरू झाला. माणसं दोन्ही बाजूंनी त्या दोघांना वळसा घालून पुढे सरकली. गुरुदत्तने मुक्ताचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती अजून आठवत होती.

“मला वाटलं ते त्यात आहे, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून मी लक्षात ठेवलं नाही.”